कुठल्या बाजूचं

पणजीच्या जेटीवर तिकीटखिडकी म्हणजे
एक टेबल, एक छत्री आणि इनास.
इनासच्या पुढ्यात पुठ्ठ्यावर काढलेली बोट,
चौकोनच चौकोन, मधून बोळ,
विकल्या गेलेल्या बाकांवर लाल फुली.
'खंयची बाजू जाय?'

मी बांधकाम खात्यात
तीस वर्षं नकाशे काढले.
मला असं घाईत विचारू नये.
खिशातलं विजेचं बिल पालथं घातलं,
नदी काढली, उत्तरेचा बाण काढला.
जाताना तोंड पूर्वेला. म्हणजे
डावीकडे चोडण, खारफुटी, बगळे,
नशिबात असेल तर चिखलात पडलेली सुसर,
पुढे दिवाडीची टेकडी.
उजवीकडे रायबंदरचा बांध, घरांच्या पाठी,
वाळत घातलेले कपडे,
अगदी शेवटी जुन्या गोव्याचे मनोरे.
ऊन पाठीमागून, दोन्हीकडे सारखं.
येताना सगळं उलट,
पण तोवर अंधार पडलेला.
म्हणजे बाजू कुठली हा प्रश्नच नव्हे.
उजेडात कुठली पाहायची,
आणि कुठली नुसत्या दिव्यांवरून ओळखायची.

मागे रांग वाढलेली. बार्शीची एक अख्खी सहल,
टोप्या एका रंगाच्या.
'आजोबा, समुद्र कुठल्या बाजूला दिसतो?'
'कुठल्याच नाही. तो मागे राहतो.'
त्यांचे चेहरे पडले. इनासने माझ्याकडे
गिऱ्हाईक पळवणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.
'सायबा, बोट परततना कूस बदलता.
कितेंय घे, पूण घे.'

माझं मत डावीकडे झुकलं होतं.
पक्षी, झाडी, पैसे वसूल.
प्रफुल्ला म्हणाली, 'उजवीकडची घ्या.
डावी माझी बघून झालीय.'

कधी?

'एकोणीस वर्षं,' ती म्हणाली,
'तुमच्या चेतकवर.'

खरंच की. साडी नेसलेली बाई
बसणार एकाच अंगाला,
पाय डावीकडे, तोंड डावीकडे,
एक हात माझ्या खांद्यावर, एक पर्सवर.
सकाळी शाळेत सोडताना बांधावर
तिच्या समोर अख्खी मांडवी.
संध्याकाळी आणताना समोर मिठागरं.
तिला कुणी पुठ्ठा दाखवला नव्हता.
रस्ता जाईल तसं तिचं तिकीट.

कधी कानाशी काहीतरी म्हणायची.
हेल्मेटच्या आत, वाऱ्यातून,
'बघा, बघा' एवढंच पोचायचं.
मी काय बघणार?
मी पुढचा ट्रक बघत होतो,
त्याच्यावरून उडणारी लाल धूळ,
आणि ऑफिसला किती उशीर झालाय ते.

'काय दाखवायचीस तेव्हा?' मी आता विचारलं,
पुठ्ठ्यावर फुली पडल्यावर.
'आता काय आठवतंय,' म्हणाली. मग जरा थांबून,
'एक खलाशी असायचा. बार्जच्या टोकावर बसून
रोज मासे साफ करायचा.
एकदा त्याने हात केला.'
'मग तू?'
'माझे दोन्ही हात अडकलेले.'

साडेपाचला बोट सुटली.
वर गाणी, खाली चहा,
बार्शीकर सगळे डाव्या कठड्याला,
सुसर, सुसर म्हणून एका ओंडक्याचे फोटो काढत.
आमच्या बाजूला आम्ही दोघं
आणि एक झोपलेलं मूल.

बांध आला. पाण्यावरून किती बुटका दिसतो!
माझा एवढा लांब रस्ता,
त्यावर खेळण्यातल्या गाड्या,
आणि त्यांतच एक स्कूटर,
आमच्याच वेगाने, आमच्याच दिशेने.
हाकणारा समोर बघतोय.
मागे एक बाई, एका अंगाने बसलेली,
तोंड नदीकडे,
म्हणजे आमच्याकडे.

मी उठलो, कठड्याला टेकलो,
हात वर केला.
प्रफुल्लाने तो खाली ओढला.

'नको,' म्हणाली,
'उलट हात करायला जाईल.
तोल जाईल तिचा.'